नाचघराच्या फळ्या

डिचोलीतल्या त्या इमारतीला सगळे क्लब म्हणत. माझ्या सासऱ्यांनी तिथली लाकडी जमीन केली होती, तेव्हा ते विशीत होते. सागवानी फळ्या, खाचेत खाच बसवलेल्या, वरून मेण घासलेलं. शनिवारी तिथे बँड वाजे आणि जोडपी नाचत. सासरे बाहेर पायरीवर बसून ऐकत. बुटांचा आवाज सगळीकडून सारखा आला की फळी नीट बसलीय, असं ते सांगत. आत जाऊन ते कधी नाचले नाहीत.

मी दोडामार्गाकडची. लग्न होऊन आले तोवर नाच थांबले होते आणि क्लबाचा हॉल लग्नांना देत. आमचंही लग्न तिथेच झालं. फळ्यांवर लाल जाजम होतं, त्यामुळे सासऱ्यांचं काम मला त्या दिवशी दिसलंच नाही. पुढे खाणी बंद पडल्या, खनिज वाहणारा ह्यांचा ट्रक दारात उभा राहिला आणि मी तुयेच्या कारखान्यात पॅकिंगला जाऊ लागले. हॉललाही कुलूप लागलं. मधे एकदा उघडला तो लस द्यायला. मी लस घेऊन तिथे अर्धा तास बसले होते, पंख्याकडे बघत.

मग मालकाने इमारत विकली. नव्या मालकाला तिथे सोफ्यांचं दुकान काढायचं होतं. फळ्या उखडून फरशी घालायची होती. ज्या ठेकेदाराच्या पिकअपवर हे हल्ली जातात, त्यालाच ते काम मिळालं. ह्यांनी घरी जेवताना सांगितलं. सासरे भात कालवत होते. हात थांबला नाही.

"खंयसून सुरू करतलास?" त्यांनी विचारलं.

"दारासून."

"दारासून नको. शेवटची फळी खिडकीकडे बसली. थंयसून काढ, बाकीच्यो आपसूक सुटतल्यो."

रविवारी मला सुट्टी होती. ह्यांना डबा द्यायला निघाले, तर सासरेही काठी घेऊन उठले. रिक्षाने आम्ही गेलो. ह्यांनी खिडकीकडूनच सुरुवात केली होती. एक फळी उलटी पडली होती आणि तिच्या मागे पेन्सिलीने आकडा होता. पुढच्या फळीवर त्याच्या आधीचा. सासऱ्यांनी प्रत्येक फळीला नंबर घातला होता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

त्यांना खुर्ची दिली. ते बसून आकडे वाचत राहिले. हे फळ्या नंबराप्रमाणे रचू लागले. मी डबा खाली ठेवला आणि दुसरं टोक धरलं.

ठेकेदार आला. "क्रम कशाला लावताय? हॉटेलवाला टेबलं करणार ह्या फळ्यांची."

"असूं दे," हे म्हणाले. आम्ही क्रमानेच लावल्या.

फळ्यांखाली माती होती, काही बांगड्यांचे तुकडे आणि एक बटण. सासऱ्यांनी तिकडे पाहिलं नाही. शेवटची फळी निघाली तेव्हा त्यांनी विचारलं, "एखादी मोडली?"

"एकही नाही, बाबा," हे म्हणाले.

मला वाटलं होतं, त्यांच्याकडे बघून मला रडू येईल. मी वाटही पाहिली. कारखान्यात दिवसभर खोकी बंद केल्यावर बोटं जशी बधिर होतात, तसं आतून काहीतरी झालं होतं. दुखतही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हे पेडण्याच्या किनाऱ्यावरच्या त्या हॉटेलात फळ्या पोचवून संध्याकाळी परत आले. सासरे ओट्यावर बसले होते.

"थंय क्रमान उतरल्यांनी?"

ह्यांनी चपला काढल्या. "होय, बाबा. नंबर बघून."

सासऱ्यांनी मान हलवली आणि पेज मागितली. मी आत गेले तशी हेही मागोमाग आले.

"उतरतानाच सगळ्यो मिसळल्यांनी," हे हळूच म्हणाले. "निम्म्यो तर तिथंच कापल्यांनी."

मी पेज वाढली, सोबत सुकी मासळी तळून दिली. सासऱ्यांनी दोनदा मागून घेतली आणि तांदूळ चांगला आहे म्हणाले.