चुन्याचा गोल

गोल कुठं आखायचा ते भाभीनं बोट करून दाखवलं. आखला माझ्या आईनं.

बालाघाटमधल्या एका मोठ्या घराचं मागचं आंगण. भाभी त्या घराची मालकीण. नळापाशी आई भांडी घासायची. टाळेबंदीत दोन महिने घरी बसवून तिला परत बोलावलं होतं. माझी नववी मोबाईलवर सुरू झाली होती आणि आमच्या घरी बाबांचा बटणाचा फोन. आईनं भीत भीत विचारलं. भाभीनं जुना मोबाईल दिला. हेही लिहिलं पाहिजे. दिला होता. फक्त घरी न्यायचा नाही, इथंच बसून बघायचा.

"बाई, कोरोना है. एक गोला बना दो. लड़की उसी में बैठेगी."

बाजारात दुकानांपुढं तेव्हा असेच गोल होते. मला काही वाटलं नाही. आईनं चुन्याची फक्की चिमटीत घेतली आणि एका दमात गोल ओढला. रांगोळीचा हात आहे तिचा. सवयीनं कडेला ठिपकेही दिले.

"बरोबर झाला ना वं?" तिनं मला विचारलं.

"हौ," मी म्हटलं.

भाभी गोलात मोबाईल ठेवायची, मागं सरायची. मग मी जाऊन बसायचे. आत हॉलमध्ये ती तिच्या मुलीला, पीहूला, शिकवायची. पीहूही नववीतच, पण इंग्रजी शाळेत. माझं नेटवर्क गेलं की मी खिडकीतून येणारा भाभीचा आवाज ऐकून गणितं वहीत उतरवायचे. बीजगणित मला तिच्याच आवाजात समजलं. ती चांगलं शिकवायची.

माझ्यासोबत पिंकी यायची. माझी सहा वर्षांची बहीण. पहिलीत नाव घातलं होतं, पण शाळा तिनं बघितलीच नव्हती. ती नळाजवळ बसून मला बघायची.

एक दिवस गोंदियाहून भाभीची भाची आली. मास्क गळ्यात लटकलेला. सरळ आत गेली, सोफ्यावर पीहूला चिकटून बसली. भाभीनं सरबत दिलं. ते ग्लास नंतर आईनं धुतले. मी मनाशी म्हटलं, तिनं तपासणी केली असेल. मी भाभीसाठी कारणं शोधत होते.

दिवाळीपर्यंत बाजारातले गोल पुसले गेले. आमचा राहिला. आई आंगण धुताना गोल वाचवून पाणी टाकायची. पुसट झाला की कुणी न सांगता परत ओढायची.

मग घरी एका दुपारी पिंकी शाळा-शाळा खेळायला बसली. चुलीतली राख घेऊन तिनं जमिनीवर गोल काढला. वाकडातिकडा. बाहुलीला पलंगावर बसवलं, स्वतःही वर चढली.

"तू गोल्यात बैस."

"काहून वं?"

"शाळेत असंच राह्यते. गोल्यातल्या पोरीले आत नाही येऊ देत."

"अन् तू?"

तिनं विचार केला. "माहा नंबर आला का मी बी बसीन ना."

आई भाकरी थापत होती. आधी हसली. मग तिचा हात थांबला.

मी राखेचा तो गोल पायानं विस्कटला. पिंकी रडली, तिची शाळा मोडली म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी आंगणात गेले आणि गोलाबाहेर उभी राहिले. भाभी मोबाईल घेऊन आली.

"बैठो."

"मैं गोले में नहीं बैठूँगी, भाभी. बाजू में बैठूँगी."

मी खाली बघत बोलले. हेही लिहिते.

"इतना कर रहे हैं तुम्हारे लिए, फिर भी?" ती आईकडं बघत म्हणाली.

आईचे हात साबणात होते. "बैस ना वं माय," ती हळूच म्हणाली. "परीक्षा आली आता."

मी बसले नाही.

"तो फिर मत आओ." भाभी वळली. दारात थांबून म्हणाली, "बाई, वो गोला धो देना."

दोन बादल्या पाणी लागलं. चुना मुरला होता. आई खराट्यानं घासत राहिली.

घरी आल्यावर आई एवढंच म्हणाली, "तुही नववी गेली."

खरं होतं ते. त्या वर्षी सगळ्यांनाच वर ढकललं, पण दहावीत गणितात मी जेमतेम पास झाले. सायन्स मिळालं नाही. आता बी.ए. करते. कॉलेजात जाणारी घरातली मी पहिली. सगळे कौतुक करतात. बीजगणिताची ती वही अजून अर्धी कोरी आहे.

शाळा उघडल्या तेव्हा पिंकीला मीच सोडायला गेले. बाईंनी बसा म्हटलं. सगळी पोरं जमिनीवर अंथरलेल्या टाटपट्टीवर बसली. पिंकी उभीच राहिली. खाली जमिनीकडं बघत होती. शोधत होती.

हे तिला कुणी शिकवलं? मी. सात महिने तिच्यासमोर मी त्या गोलात मुकाट बसले. शाळा म्हणून तिनं जे पहिल्यांदा बघितलं, ते हे.

गोल आखला आमच्या हातानं. पुसलाही आमच्याच हातानं. भाभीच्या बोटाला चुना लागलाच नाही.

यापुढं आईच्या हातात कुणी चुना दिला तर तो मी खाली ठेवीन. आमच्या घरातल्या पोरीसाठी गोल आखायचाच असेल, तर तो आखणाऱ्यानं स्वतः वाकून आखावा. आणि पुसायची बादलीही त्यानंच उचलावी. मी तिथं उभी राहीन. शेवटचा ठिपका जाईपर्यंत.