तळहातातली भरलेली फट

माझी मुलगी सुतारकाम करते. एवढं सरळ वाक्य लिहायला मला चार वर्षं लागली. कॉलेजचं शेवटचं वर्ष सोडून ती मिस्त्रींच्या कारखान्यात जुन्या खुर्च्या-टेबलं दुरुस्त करायला लागली, तेव्हा मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "आई, घर किती शांत झालंय गं, असंच चालू दे." मग कसला अबोला टिकतोय. कारखान्यात तिला सगळे मोजपट्टी म्हणतात. दोनदा मोजल्याशिवाय ती करवतीला हात लावत नाही.

सुतारांची एक सवय असते, ती मला तेव्हा ठाऊक नव्हती. लाकडात बारीक फट दिसली की तिच्यात भुसा दाबायचा, वर झटकन वाळणारा गोंद सोडायचा आणि पॉलिशपेपरनं घासून सपाट करायचं. तिथे फट होती हे नंतर बोटालाही कळत नाही. हाताला कापलं तरी ते हाच गोंद लावतात, कारण पट्टी बांधली की हत्यार नीट धरता येत नाही.

मंगळवारी एका जुन्या बाकाची फळी उचकटताना तिच्या उजव्या तळहातात लाकडाची सल शिरली. तिनं ती ओढून काढली, गोंदाचे दोन थेंब टाकले, घासलं आणि कामाला लागली. मला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी धनुर्वातापासून सुरुवात केली असती, हे तिला माहीत होतं.

गुरुवारी हुडहुडी भरून ताप आला. मी गोळी दिली, ताप उतरला, मला हायसं वाटलं. शुक्रवारी सकाळी पाहते तर ती पलंगाच्या कडेला बसून चप्पल घालत होती आणि पाय दर वेळी चपलेच्या शेजारी पडत होता. "आज वार कुठला?" तिनं तिसऱ्यांदा विचारलं. तळपाय गार, गुडघ्यांवर जांभळट जाळी, जिना चढून आल्यासारखा श्वास. तिच्या बाबांनी तिला उचलून गाडीत ठेवलं तरी मी कुलूप शोधत होते. ते माझ्या हातातच होतं.

इस्पितळात वरचा रक्तदाब सत्तर निघाला. डॉक्टरीणबाई वयानं माझ्या मुलीहून फार मोठ्या नसतील. "जंतू रक्तात उतरलेत," त्या म्हणाल्या. "औषध सुरू केलंय, पण ते शिरले कुठून ते सापडायला हवं." छातीत काही सापडलं नाही, पोटातही नाही. मग त्यांनी तिचा उजवा हात उचलला. "काकू, हा जरा सुजल्यासारखा वाटतो का?"

"नाही हो. तिचे हात असेच असतात. काम करून घट्टे पडलेत."

हे मी म्हणाले. त्यांनी हात खाली ठेवला.

दुपारी मिस्त्री आले, भुवयांत भुसा तसाच. पलंगाशी जाऊन त्यांनी काही न विचारता तिचा तळहात उघडला आणि अंगठा फिरवला. एका जागी अंगठा थांबला. ते डॉक्टरीणबाईंकडे वळले.

"मॅडम, इथे फट आहे. भरून घासलेली."

"फट म्हणजे?"

"कापलंय हो. वरून बंद केलंय. आम्ही सगळेच करतो." त्यांनी स्वतःचे दोन्ही हात पुढे केले, जागोजागी तसलेच चकचकीत डाग. माझ्याकडे न बघता म्हणाले, "वहिनी, मीच शिकवलं तिला."

मला त्यांना पुष्कळ बोलायचं होतं. पण तिचे हात असेच असतात, हे सकाळी मीच म्हणाले होते.

अर्ध्या तासात डॉक्टरांनी चीर देऊन तिचा तळहात उघडला. आतून पू निघाला आणि सल ओढताना मोडून राहिलेला नखाएवढा लाकडाचा तुकडा.

"आता बरी होईल ना?" मी विचारलं.

"जंतू कमी होतील, काकू. पण आता त्रास एकट्या जंतूंचा राहिलेला नाही, तिच्या स्वतःच्या प्रतिकाराचा आहे." डॉक्टरीणबाई भिंतीला टेकून, घाई न करता सांगत होत्या. "जंतू दिसले की आपल्या पेशी काही रेणू सोडतात. सायटोकाइन म्हणतात त्यांना. ते निरोप देतात, की इथल्या रक्तवाहिन्या सैल करा, भिंतींत जागा करा, लढणाऱ्या पेशींना बाहेर येऊ द्या. खरचटलेली जागा लाल होऊन सुजते ती त्यानंच. तेवढ्यापुरतं ते चांगलं. हिच्या अंगात तो निरोप एकदम सगळीकडे गेलाय. वाहिन्या सैल पडल्या, पाणी झिरपून बाहेर आलं, रक्तदाब कोसळला, बारीक वाहिन्यांत गुठळ्या झाल्या. या गदारोळात मूत्रपिंडांनी काम थांबवलंय."

"मग ते रेणूच थांबवा."

"लोकांनी वर्षानुवर्षं तेच करून पाहिलं. एक अडवला तरी बाकीचे असतातच, आणि जंतू मारायलाही तेच लागतात. आम्ही रक्तदाब धरून ठेवतो, जंतू मारतो. अंग शांत व्हायची वाट बघावी लागते. तासाला निदान तीस मिली लघवी हवी. लघवी होत नाही म्हणून रक्तातलं पोटॅशियम वाढतंय, ते हृदयाला धोक्याचं. उद्या संध्याकाळपर्यंत असंच राहिलं, तर डायलिसिस."

पलंगाला टांगलेल्या लघवीच्या पिशवीवर आकडे होते. सिस्टर दर तासाला वाकून बघायच्या. सात. नऊ. पाच. शनिवारी दुपारी आठ. मिस्त्री बाहेरच्या बाकावरून उठायला तयार नव्हते. "जेवून या," मी म्हणाले. "तुम्ही जेवलात का?" त्यांनी विचारलं. दोघंही तिथेच बसून राहिलो.

चार वाजता एक माणूस डायलिसिसचं मशीन ढकलत घेऊन आला. पाचला सिस्टर वाकल्या, ताठ झाल्या, परत वाकल्या.

"बावीस."

"तीस हवी ना?" मी म्हणाले.

"मागच्या तासाला आठ होती, काकू," त्या म्हणाल्या आणि डॉक्टरांना बोलवायला गेल्या.

सहाला अडतीस झाली. पोटॅशियमचा नवा आकडा आला, वाढलेला नव्हता. डॉक्टरीणबाईंनी तो दोनदा वाचला. मग दाराशी उभ्या असलेल्या माणसाला म्हणाल्या, "मशीन इथेच राहू दे. जोडू नका अजून."

मशीन तिथेच दोन दिवस उभं होतं. जोडावं लागलं नाही. तिसऱ्या दिवशी तिनं डोळे नीट उघडले, मला ओळखलं आणि माझ्यामागे उभ्या मिस्त्रींना कोरड्या आवाजात विचारलं, "बाकाचं काय केलंत?"

"जाळला," मिस्त्री म्हणाले.

"गिऱ्हाइकाचा होता तो."

"असू दे," मी म्हणाले.