पितळेची तीन टोपणं

माझी गिटार मी हात न लावताही गात असे. प्लग लावला की तिचं घूंऽऽ सुरू. ट्यूबलाइट लावली की आणखी वाढे, आणि शेजारच्यांनी पाण्याची मोटर लावली की मग विचारूच नका. सेकंडहँड गिटारीकडून किती अपेक्षा ठेवायची, असं मी स्वतःला समजावी आणि मग दिवसभर तिच्यावरच चिडे.

भंडाऱ्याला आमच्या घरी पितळेचं काम. बाबांनी उभ्या आयुष्यात पाणी भरायचे गुंड आणि आंघोळीची घंगाळं ठोकली. पुढे दुकानात स्टील आलं, तयार माल आला, आणि त्यांची हातोडी माळ्यावर गेली. आता ते दुकानात बसून भांडी विकतात आणि कुणी जुनं पितळ दुरुस्तीला आणलंच तर बोटाच्या सांध्याने टकटक करून बघतात. भांडं नीट वाजलं तर म्हणतात, "पाणी धरते." भद्द वाजलं तर म्हणतात, "याले चीर हाय." चीर कुठे आहे ते मग शोधायचं. त्यांचा कान चुकलेला मी पाहिलेला नाही.

एका व्हिडिओत मी ऐकलं की पिकअपला, म्हणजे तारांखालच्या चुंबकाच्या गुंडाळीला, धातूचं टोपण घालून ते अर्थिंगला जोडलं की गुणगुण थांबते. जेवताना मी ते घरी सांगितलं.

"धातू म्हंजे कोणता?" बाबांनी विचारलं.

"कोणताही," मी म्हणालो. व्हिडिओवाला त्यावर पाच मिनिटं बोलला होता. तो भाग मी कंटाळून पुढे ढकलला होता.

"मंग पितळच घे ना. पितळ वाजते."

दुसऱ्या दिवशी हातोडी माळ्यावरून खाली आली. आठ दिवस बाबा अंगठ्याएवढ्या तीन टोपणांवर खपत होते. पत्रा गुंडाला वापरतात तसाच जाड, कडा आत दुमडलेल्या, वरून चिंच लावून घासलेला. गिटारीवर ती बसवली तेव्हा घूं जवळजवळ थांबलं. बाबांनी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ती दाखवली. एका बाईला घंगाळ हवं होतं, तिलाही आधी गिटार पाहावी लागली.

त्या वर्षी मला लाखांदूरकडच्या एका नाटक मंडळीत जागा मिळाली होती. दिवसभर मी झेरॉक्सच्या दुकानात लोकांचे सातबारे काढत असतो, आणि तिथे मला सगळे "भाऊ, जरा लवकर" एवढंच म्हणतात. मंडळीत मला गिटारवाला म्हणत. ती जागा मला जिवापाड हवी होती.

रविवारी दुपारी तालीम असे. एसटीने गिटार मांडीवर घेऊन मी जाई. दोन-तीन रविवार मंडळीचे मालक काही बोलले नाहीत. मग एकदा गाणं थांबवून म्हणाले, "हे काय रजईच्या आतून वाजवून राहिला का गा? लोकाईले ऐकू तर आलं पाहिजे. पुढच्या रविवारपर्यंत आवाज साफ करून आण. नाही तर गाण्यातले तुझे पीस कीबोर्डवालाच वाजवन."

कीबोर्डवाला मान खाली घालून गालात हसला. तो मला आजही आवडत नाही.

त्या आठवड्यात मी सगळ्यांवर आळ घेतला. तारा बदलल्या. केबल बदलली. पिकअपचे दोन्ही बाजूंचे स्क्रू फिरवून ते थोडे खाली घेतले, कारण चुंबक फार जवळ असलं तर तारेला ओढून धरतं. त्याने जरा फरक पडला, पण गिटारीची सर्दी गेली नाही.

बुधवारी एका टोपणाची अर्थिंगची तार निसटली. सोल्डर करायला मी ते टोपण काढलं आणि सहज तार छेडली. आवाज असा निघाला की मी चपापून दाराकडे पाहिलं. मग गपचूप तो व्हिडिओ पुन्हा लावला आणि ढकललेली पाच मिनिटं ऐकली. जाड पितळ नको, असं तो स्वच्छ सांगत होता. गुणगुण ते अडवतं खरं, पण तारेचे वरचे बारीक स्वरही त्यातच जिरतात.

मी टोपण पुन्हा बसवलं. मला लाज वाटली आणि भीतीही. इतक्या वर्षांनी बाबांनी काहीतरी घडवलं होतं, आणि तेच काढून टाक असं त्यांना सांगायला माझी जीभ रेटेना. शुक्रवारपर्यंत मी मूग गिळून बसलो.

शनिवारी सकाळी राहवलं नाही. बाबा पुढे दुकानात होते. मी आतल्या खोलीत एकच टोपण काढलं आणि पिकअप बदलायचा खटका इकडून तिकडे करत वाजवू लागलो. एकदा झाकलेला पिकअप, एकदा उघडा.

बाबा दुकानातूनच ओरडले, "ते पयलं फुटलं हाय. दुसरं पाणी धरते."

मी हात थांबवला. ते आत आले. आधी त्यांनी गिटारीकडे पाहिलं, मग चादरीवर ठेवलेल्या टोपणाकडे.

"काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही इतक्या वर्षांनी हातोडी घेतली होती, बाबा."

"हातोडी तं आताही हाय," ते म्हणाले. त्यांनी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि उरलेली दोन्ही टोपणं स्वतः काढली. मग विचारलं, "आता ते घूं कुठून घुसन?"

मी गिटार पालथी केली आणि मागची पोकळी दाखवली. तिथे बटणांच्या वायरींचं जाळं असतं.

"इथं मागं तारा हायेत का वाजणाऱ्या?"

"नाही."

"मंग पितळ मागं लावू."

संध्याकाळपर्यंत त्यांनी पोकळीला आतून बसेल असं पत्र्याचं पातळ अस्तर केलं आणि वर एक पितळी झाकण. मी त्याला अर्थिंगची तार जोडली. घूं पूर्ण गेलं असं म्हणणार नाही, पण वाजवायला लागलं की ते कुठे आहे ते शोधावं लागे.

रविवारी तालमीत मालकांनी पूर्ण गाणं ऐकलं. कौतुक त्यांच्या स्वभावात नाही. एवढंच म्हणाले, "सुरुवातीचा पीस अजून थोडा लांबव." परतीच्या एसटीत मी तो पीस गुणगुणत होतो, आणि शेजारच्या आजोबांनी दोनदा माझ्याकडे वळून पाहिलं.

नाटकांचा हंगाम संपता संपता आवाजाचं बटण खरखरायला लागलं. साफ करायला मी पहिल्यांदाच ते मागचं झाकण उघडलं. लग्नात द्यायच्या भांड्यांवर बाबा ठिपक्या-ठिपक्यांनी अक्षरं ठोकून देतात, कुणाकडून कुणाला ते. ती बाहेरून असतात, चारचौघांना दिसावीत म्हणून. या झाकणाच्या आतल्या अंगाला तशाच ठिपक्यांत लिहिलं होतं: चिरंजीवास, बाबांकडून सप्रेम भेट.

माझ्याजवळ त्यांनी याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. भांडं कधी ना कधी दुरुस्तीला निघतंच, हे त्यांना माझ्या जन्माआधीपासून माहीत होतं.