गिटार आणि रुमाल

सांगू की नको, या विचारात माझी चाळीस वर्षं गेली. आज सांगून टाकतो. हसा खुशाल, पण चहा सांडू नका.

मी तेव्हा पवनीच्या कॉलेजात नवा प्राध्यापक होतो. विषय पदार्थविज्ञान, त्यातही ध्वनी. हे लक्षात ठेवा. पुढे माझी लाज काढायला उपयोगी पडेल.

दिवाळीनंतर तिकडे गावोगावी मंडई भरते, म्हणजे जत्राच. कोंढ्याच्या मंडईत मी पहिल्यांदा 'गुलमोहर ऑर्केस्ट्रा' ऐकला. भर दुपार, दंडारीचं लोकनाट्य नुकतंच संपलेलं, धुळीत ही गर्दी! आणि मंचावर काळा चष्मा लावून, गिटार घेऊन उभा असलेला प्रकाश. काय तो आवाज! माझ्या अंगावर काटा आला. तारांची कंपनं मी फळ्यावर शेकडो वेळा काढली होती, पण तार अशी बोलते हे मला कुठल्या पुस्तकाने सांगितलं होतं?

मग जिथे गुलमोहर तिथे मी. पार मोहाडीपर्यंत गेलो. शेवटी नागपूरहून गिटार आणली. धक्के लागू नयेत म्हणून चादरीत गुंडाळून मांडीवर घेतली, तर एसटीत शेजारच्या बाई हळूच म्हणाल्या, "झोपलं वाटते जी लेकरू?"

मी म्हणालो, "हो." काय समजावणार?

माझे घरमालक सोमाजी. तळ्यात मासे धरायचे आणि दुपारी अंगणात जाळं दुरुस्त करत बसायचे. गुलमोहरचा कार्यक्रम असला की मात्र सामानाच्या गाडीत बसून जायचे. सामान उचलायला जात असतील, असं मी ठरवून टाकलं. विचारलं नाही. जास्त शिकलेला माणूस विचारत नाही हो, निष्कर्ष काढतो!

सहा महिने बोटं सोलून घेतली. पण तो आवाज काही निघेना! माझी गिटार रिकाम्या डब्यासारखी वाजायची. तारा बदलल्या, त्यांची लांबी मोजली, आलेखसुद्धा काढले. मलाच काही जमत नाही, ही माझी जुनी शंका पक्की होत चालली.

सोमाजी जाळ्यातून मान वर करायचे.

"सर, प्रकाशसारखा आवाज पायजे का तुमाले?"

"हो ना!"

"तो गिटारीतून नाही निघत जी. मी का म्हणतो..."

"सोमाजी, तारेची कंपनं हा माझा विषय आहे."

"बरं जी." आणि मान पुन्हा जाळ्यात.

हे असं वीसदा तरी झालं असेल.

आणि एक दिवस स्टाफरूममध्ये माझी जीभ घसरली. "मीही गुलमोहरसारखंच वाजवतो," म्हणालो. प्राचार्यांनी ऐकलं! त्यांनी स्नेहसंमेलनाला गुलमोहरच बोलावला आणि त्यात माझं गिटारवादन जाहीर केलं. माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. तो कागद प्राचार्यांच्या टेबलावर सहीसाठी पडलेला. आता सांगा, झोप येईल?

त्यात प्रकाशला कावीळ झाली. म्हणजे साथीला वाजवून लपायचीही सोय गेली. त्याचा काळा चष्मा आणि विजेच्या वायरवाली गिटार माझ्या गळ्यात आली. वाद्यवाल्यांनी मला मंचाच्या टोकाला उभं केलं. समोर सगळं कॉलेज, पहिल्या रांगेत प्राचार्य. मी डोळे मिटले आणि मारला हात तारांवर.

आणि काय सांगू! तोच आवाज! मंडईतला! माझ्या हातून!

मी वेडा झालो. हात वर-खाली, मान गोल गोल. पोरं शिट्ट्या मारताहेत, प्राचार्य ताल धरताहेत. आनंदाने मला इतका घाम फुटला की खिशातून रुमाल काढून दोन्ही हातांनी कपाळ पुसायला लागलो.

गिटार वाजतच होती.

मी हातांकडे बघितलं. हातात रुमाल. मंडप असा हसला की खांब हलले! मी मागे वळलो. मोठ्या स्पीकरच्या आड, पोत्यावर मांडी घालून सोमाजी बसलेले. मांडीवर बटणांचा बेंजो. जाळ्याच्या गाठी मारणारी ती बोटं बटणांवर नुसती पळत होती. आणि माझ्या गिटारीची वायर? टेबलाच्या पायाला बांधलेली!

"सोमाजी!" मी कुजबुजलो. "तुम्ही?"

"सहा महिन्यांपासून सांगून राहिलो ना जी! मले बोलू कुठी देता?"

"मग प्रकाश?"

"त्याले एक सूर नाही येत. पोराचे केस चांगले आहेत म्हणून उभा करतो. तुमी हात हलवा, सर, काहून थांबले?"

मी हात हलवले. दुसरं करणार काय?

प्राचार्य नंतर भेटले, डोळे पुसत. "गंमत म्हणून मुद्दाम केलंत ना? वा! असा खेळकर माणूस हवाच कॉलेजात." दुसऱ्या दिवशी सही झाली. मी खरं सांगितलं का? छे हो!

प्रकाश बरा झाला आणि भंडाऱ्याला दुकानात लागला. मग पुढे चार वर्षं प्रत्येक मंडईत गुलमोहरचा गिटारवाला मीच. इतका सुखी मी वर्गात कधीच नव्हतो. सोमाजींनी माझ्या कपाळाला लाल पट्टी बांधली होती. "आता घाम पुसाचं कामच नाही पडत जी!"

चौथ्या वर्षी कॉलेजात रसायनशास्त्राचे नवे प्राध्यापक आले. कोंढ्याच्या मंडईनंतर महिनाभराने ते माझ्या दारात उभे. बगलेत गिटार, बोटं सोललेली, चेहरा रडवेला.

"सर, तुम्हाला ऐकून ही गिटार विकत घेतली. पण तुमच्यासारखा आवाजच निघत नाही हो!"

अंगणात सोमाजींनी जाळ्यातून मान वर केली. माझ्याकडे बघितलं.

आणि मी, ध्वनीचा प्राध्यापक, त्या बिचाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून काय म्हणालो?

"सराव कमी पडतोय."