कॅनवरचं ओलं पोतं

सायकलच्या कॅरिअरवरच्या दुधाच्या कॅनला गुंडाळलेलं ओलं पोतं मी सोडलं, अंगणातल्या दोरीवर वाळत घातलं आणि सायकलवर टांग मारली. कारण एवढंच, की पोत्याचं पाणी माझ्या दसऱ्याच्या नव्या पँटला मागून लागत होतं. तशी पँट पाहिली की लोक भलताच अर्थ काढतात.

कॅनमध्ये गावातल्या बायकांच्या दूध संस्थेचं दूध होतं आणि बायको त्या संस्थेची सचिव. त्या दुष्काळात दूध इतकं आटलं, की टेम्पो आमच्या गावाला यायचा बंद झाला. शीतकरण केंद्रावर दूध आपलं आपणच पोचवायचं. त्याच आठवड्यात ते दोनदा नासकं म्हणून परत आलेलं. आज नासलं तर केंद्र संस्थेचं दूध घेणंच बंद करणार होतं.

संस्थेला कुलूप लावून बायको तिच्या सायकलवर मागून आली. मी मोठ्या तोऱ्यात तिला रेल्वेच्या भरावावर चढवलं. रूळ अजून पडायचे होते, पण वनखात्याच्या झाडीतून वाट सरळ जायची, डांबरी रस्त्याचा वळसा वाचायचा. दोन्ही अंगांना सीताफळांनी डोळे उघडले होते.

"दोन काढू का गं?" म्हणत मी मागं पाहिलं. तिची नजर कॅनवर होती.

"आवो, पोतं कुठंय?"

"घरी. वाळत घातलंय."

"वाळत?"

ती उतरली, कॅनला हात लावला आणि चटका बसल्यागत झटकन मागं घेतला. मग माझ्याकडं नुसतं पाहिलं. ऑक्टोबरच्या उन्हापेक्षा मला तेच जास्त लागलं.

"सदरा काढा," ती म्हणाली.

"अगं, इथं?"

"हितं कोण बघतंय, मोर? काढा म्हणते ना!"

प्यायच्या पाण्याच्या दोन्ही बाटल्या तिनं माझ्या नव्या सदऱ्यावर ओतल्या आणि तो कॅनला आवळून बांधला. पुढं ती बाभळीचे काटे चुकवत, मागं मी बनियनवर. घशाला कोरड पडलेली. मधे थांबून ती झाकण उघडायची, वास घ्यायची, झाकण लावायची. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना आणि विचारायची माझी छाती होईना. सदरा तर आमच्या डोळ्यांदेखत वाळत चालला होता.

केंद्रावरच्या माणसानं थोडं दूध काचेच्या नळीत घेऊन ज्योतीवर धरलं. बायकोनं पदराचं टोक मुठीत आवळलं. दूध उकळून वर आलं. त्यानं नळी तिरकी केली, उजेडात धरली, पुन्हा तिरकी केली. काचेला एक कणही चिकटला नव्हता.

"चांगलंय. घ्या वतून."

बायकोनं श्वास सोडला. तेव्हा कुठं त्याचं लक्ष सदऱ्याकडं गेलं.

"ह्ये काय, ताई? पोतं कुठंय?"

"ह्यांनी घरी दोरीवर वाळत घातलंय."

त्यानं माझ्याकडं खालून वर पाहिलं.

"ताई, उद्या पोतं संगं आणा, अन् दोरीवर ह्यांला घाला."