आई न्हाय, येल

पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर मी घरी आले तेव्हा माझी मुलगी मागच्या भिंतीला गाल लावून उभी होती. त्या भिंतीपलीकडे कापड विणायच्या लूमचा कारखाना आहे. लूम चालू असले की भिंत थरथरते, आणि ती थरथर तिला आवडते. ती आठ वर्षांची आहे. तिला ऑटिझम आहे. स्वतःचे शब्द मोजकेच बोलते: पाणी, बंद, नको. बाकी नुसतं ऐकलेलं परत म्हणते.

दोन दिवसांत सोडतो म्हणाले होते, पण ताप उतरेना आणि ठाण्याच्या दवाखान्यातला मुक्काम वाढत गेला. एवढे दिवस मी तिला सासूबाईंवर सोडून कधीच राहिले नव्हते. व्हिडिओ कॉलवर माझा चेहरा दिसला की ती फोन उलटा करून ठेवायची. पडद्यावर नुसता काळोख, आणि त्यात मी हाका मारत बसायचे.

रिक्षातून उतरताना टाके ओढत होते, पण माझा सगळा जीव दाराकडे लागला होता. मी तिला हाक मारली. ती वळली, माझ्या शेजारून गेली, माठातलं पाणी प्यायली आणि परत भिंतीशी जाऊन उभी राहिली.

बघायला आलेली जाऊ म्हणाली, "तिला काय कळत न्हाय गं. एका अर्थी बरंच हाय, त्रास न्हाय झाला तिला."

मला बरं वाटावं म्हणूनच बोलली असेल, पण ते वाक्य माझ्या डोक्यातून हलेना. पडून राहा म्हणून सांगितलेलं असताना मी घरभर फिरत होते. तिच्यासमोर जाऊन बसायचे. ती उठून गेली की थोड्या वेळाने पुन्हा जायचे. पूर्णा गावातल्या गोडाऊनमधून ड्युटी संपवून नवरा आला की पहिला प्रश्न तोच, "मी नव्हते तेव्हा रडली होती का?"

"नाही रडली," तो म्हणायचा. "जेवली, झोपली. तू कशाला त्रास करून घेतेस?"

ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं का? लेक रडावी म्हणून झुरणारी मी कसली आई, असंही मनात यायचं.

कल्याणला तिची थेरपी घेणाऱ्या ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "तिला वाटतं ते लगेच बाहेर दिसेलच असं नाही. कधी फार उशिरा येतं, आणि रडण्यासारखं दिसतही नाही. थोडी वाट बघा." मला राग आला. वाट बघण्याशिवाय मी दुसरं करत तरी काय होते?

मग तिचं खाणं कमी झालं. मनगट चावायला लागली. टाके दाखवायला जायच्या दिवशी, पुन्हा ठेवून घेतलं तर असावेत म्हणून कपडे घालून मी दवाखान्याची पिशवी भरली आणि नवऱ्याने रिक्षा आणली. मी चपला घालायला वाकले, तेवढ्यात मुलीने पिशवी हिसकावली. सगळे कपडे जमिनीवर फेकले. माझ्या दंडावर चापट्या मारत सुटली, मग स्वतःच्या डोक्यावर. मी तिचे हात धरायला गेले तर आणखी किंचाळली. रिक्षावाला दारातून म्हणाला, "क्या हुआ, भाभी?" सासूबाई धावत आल्या.

मी तशीच उंबऱ्यावर बसले. बऱ्याच वेळाने तिचा आवाज उतरला. माझ्याकडे न बघता, पुढेमागे डुलत ती बोलायला लागली, "आई न्हाय, येल. आई न्हाय, येल."

मी आणि नवरा घरात "नाही" म्हणतो. घरात "न्हाय" एकट्या सासूबाईंचं, त्यांच्या खारबावच्या माहेरचं. सूरही हुबेहूब त्यांचाच, "येल" वर थोडा लांबवलेला.

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या हळूच खाली बसल्या.

"तू गेलीस तवापासून सारखी सैपाकघरात जायची," त्या म्हणाल्या. "मंग मोरीचा दरवाजा उघडून बघायची. तुजा गाऊन हुंगत बसायची. मी सांगायची, आई न्हाय, येल. की परत बघायची."

"मला सांगितलं का नाही?"

"तू तापात पडलेली. तुला सांगून काय करायचं? अन पोरगी रडत तर नव्हती."

मुलगी डुलत डुलत माझ्याजवळ सरकली आणि तिने पाठ माझ्या गुडघ्यांना टेकवली. जोरात टेकवली, पोटापर्यंत कळ गेली. मी हलले नाही. रिक्षा परत पाठवली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला घेऊनच गेलो. डॉक्टर टाके बघायला वाकले तेव्हा तिने त्यांचा हात धरून बाजूला सारला. त्यांनी पुन्हा हात पुढे केला, तिने पुन्हा सारला. नर्स हसली. मला मात्र हसू येईना.

घरी आल्यावर ती भिंतीकडेच गेली. खाणं हळूहळू पूर्ववत झालं. मला मात्र स्वस्थता नाही. ती टीव्हीवरच्या जाहिराती बोलते, भाजीवाल्याची हाक बोलते, कधी कुणाचं तरी रागावणं जसंच्या तसं बोलते. पूर्वी मी ते ऐकून सोडून द्यायचे. आता हातातलं काम टाकून जाते, तिच्याजवळ उभी राहते आणि हे वाक्य तिने कुठे ऐकलं, तेव्हा तिला काय झालं होतं, ते आठवत बसते. बहुतेक वेळा काही सापडत नाही.