व्हॅनिलाचा अर्क आणि एक दिवसाचा परवाना

सरकारने उद्या भीतीचं वेगळं खातं काढलं, तर त्याचं मुख्य कार्यालय मुलुंडला आमच्या इमारतीत, आमच्या बरोबर खालच्या घरात थाटावं लागेल. तिथे राहणारे काका विमा कंपनीच्या आग विभागातून निवृत्त झाले. जगातली प्रत्येक वस्तू त्यांनी कागदोपत्री एकदा तरी जळालेली पाहिली आहे, त्यामुळे न जळालेल्या वस्तूंवर त्यांचा विश्वास नाही. कुकर लावला की ते जिन्यात येऊन उभे राहतात आणि शिट्ट्या तिथून मोजतात. लिफ्टमध्ये एकटे बसत नाहीत, कारण अडकलो तर? कुणाबरोबरही बसत नाहीत, कारण दोघं अडकलो तर हवा कमी पडेल. घराला कुलूप लावलं की स्वतः चार वेळा ओढून बघतात आणि मग जिन्यावरून मला हाक मारतात, "जरा खाली ये गं. हे बंद आहे ना? तू बघितलंस ना?" मी बघितलं म्हटल्यावर ते भाजी आणायला जातात. काकांना प्रत्येक गोष्टीला साक्षीदार लागतो. काकू गेल्यापासून ते काम माझ्याकडे आलं.

तीन वर्षं मात्र मी त्यांच्याशी नीट बोलत नव्हते. त्यांची मुलगी मनू माझी शाळेपासूनची मैत्रीण. तिने गोराईच्या एका ख्रिश्चन मुलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं, तेव्हा काका आले नाहीत. भांडले नाहीत, नको म्हणाले नाहीत, घराबाहेर काढलं नाही. नुसते आले नाहीत. आदल्या दिवशी विचारलं तर म्हणाले, "गावाकडचे काय म्हणतील? सोसायटीवाले? उद्या काही झालं तर?" मी मोर्च्यातल्या घोषणा ऐकत आणि आईने छापलेली पत्रकं वाचत मोठी झालेली मुलगी. रागाशी कसं लढायचं ते मला ठाऊक होतं, भीतीशी नाही. म्हणून मी आंतरधर्मीय विवाहावरचं आमचं पत्रक त्यांच्या दाराखालून सरकवलं. आठवडाभर रोज एक. आठव्या दिवशी त्यांनी दाराच्या फटीला आतून पायपुसणं लावलं आणि वॉचमनला सांगितलं की कुणीतरी आपल्यावर पाळत ठेवून आहे.

मनू बोरिवलीला गेली आणि घरून केक करून विकू लागली. गेल्या वर्षी जूनमध्ये आमच्या इमारतीतल्या कुणाच्या तरी वाढदिवसाला तिचा केक आला. काकांनी एक तुकडा कागदी बशीत घेतला, कोपऱ्यात जाऊन खाल्ला, आणि मग खोक्यावरची चिठ्ठी चष्मा वर करून वाचली. दुसऱ्या दिवशी सकाळी हाक आली. जेवणाच्या टेबलावर व्हॅनिलाच्या काळ्या, सुरकुतलेल्या शेंगा पसरल्या होत्या. त्यांच्या चुलतभावाच्या सावंतवाडीच्या बागेत सुपारीवर हे वेल चढवलेले आहेत, आणि त्याने दिलेल्या शेंगा वर्षभर डब्यात पडून होत्या.

"मनू केकात कृत्रिम इसेन्स घालते," काका म्हणाले. "चिठ्ठीवर लिहिलंय. खरा अर्क घरी होतो. शेंगा चिरून बाटलीत बुडवायच्या, अंधारात सहा महिने ठेवायच्या. नाताळपर्यंत होईल. नाताळात तिला पुष्कळ केक असतात ना?"

"कशात बुडवायच्या?"

काकांनी खिडकी लावली. "व्होडका," ते ओठांनीच म्हणाले.

आता दारू विकत घ्यायला आपल्याकडे परवाना लागतो हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे आणि ते मनावर घेणारे काका एकटेच. त्यांनी अर्ज मिळवला. तो तबियतीसाठी पिण्याच्या परवान्याचा होता. काका तिथेच अडले. "मी पिणारच नाही, तर खोटं कसं लिहून देऊ? पकडलं तर?" पंधरा दिवस अर्ज देवासमोर पडून राहिला. शेवटी मी गेले. जिची आई मानखुर्दच्या वस्तीत दारूबंदीची पत्रकं वाटत फिरली, ती मी, सत्तावीस वर्षांची, ओढणी तोंडाला गुंडाळून वाइन शॉपच्या रांगेत उभी. दुकानदाराने बाटली वर्तमानपत्रात गुंडाळली आणि मी मागितला म्हणून एक दिवसाचा परवाना फाडून दिला. देताना तो माझ्याकडे दयेने बघत होता.

काकांनी परवाना तीनदा वाचला. मग खुर्चीत बसले. "अगं, हा एक दिवसाचा आहे. बाटली घरात सहा महिने राहणार. म्हणजे उद्यापासून आपण गुन्हेगार." मी हसले, पण ते हसत नव्हते. मला वाटलं, आता हे सगळं मोरीत ओततील. ते उठले, शेंगा उभ्या चिरल्या, बाटलीत सोडल्या आणि बूच लावलं. मग बाटलीवर कागद चिकटवून सुंदर अक्षरात लिहिलं, 'हे पिण्याचे नाही. केकसाठी आहे.' खाली तारीख, खाली स्वतःची सही. पेन माझ्यापुढे धरलं. "साक्षीदार म्हणून तू कर. मनूच्या वेळीही तूच केली होतीस ना?"

लग्नाला मी साक्षीदार होते हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. मी सही केली. उजेड लागू नये म्हणून त्यांनी बाटली एका कागदात गुंडाळली, तेव्हा बघितलं तर ते माझं पत्रक. "जाड आहे," काका म्हणाले. "सातही ठेवलीत."

पुढचे सहा महिने बाटली कपाटाच्या तळाशी आणि वाळूची बादली कपाटाशेजारी. दर सकाळी बाटली हलवायची असे. काका हातावर ओला टॉवेल घेऊन हलवत, मी दारात उभी. बेल वाजली की ते बाटली पोटाशी धरून जागीच गोठत. एकदा सोसायटीचे सेक्रेटरी पाण्याच्या टाकीची नोटीस द्यायला आले, तर त्यांनी काही विचारायच्या आधीच काकांनी सांगून टाकलं, "केकसाठी आहे." सेक्रेटरी बराच वेळ टाकीबद्दल विचार करत उभे होते.

नाताळच्या आठवड्यात आम्ही बोरिवलीला निघालो. लोकलमध्ये ज्वलनशील पदार्थ नेऊ नयेत अशी पाटी असते, म्हणून बसने. बसमध्येही पाटी असेल म्हणून काका डोळे मिटून चढले. बाटली स्टीलच्या डब्यात, डबा पिशवीत, पिशवी मांडीवर. पवई आली तशी ते पुटपुटू लागले. "दार उघडलंच नाही तर? उघडून पुन्हा लावलं तर?" ही भीती लिफ्टची किंवा कुकरची नव्हती. हिच्यावर मला हसता येईना. शिवाय मनूला मी काही कळवलं नव्हतं.

तिच्या इमारतीखाली पोचल्यावर काकांनी पिशवी माझ्या हातात दिली. "तू जा वर. मी इथे थांबतो."

"काका, मी साक्षीदार आहे. पोस्टमन नाही."

त्यांनी पिशवी परत घेतली आणि ते जिना चढू लागले. तीन मजले. मी खाली उभी राहून पावलं मोजत होते, ते शिट्ट्या मोजतात तशी. दुसऱ्या मजल्यावर पावलं थांबली. इतका वेळ थांबली की मला वाटलं, परत येतायत. मग ती पुन्हा चढू लागली आणि बेल वाजली. दार उघडलं. आणि मग काहीच ऐकू आलं नाही.

पाऊण तासाने काका उतरले. हात रिकामे होते.

"काय म्हणाली?"

"वास घेतला. म्हणाली, बाबा, अजून कच्चं आहे, दोन महिने तरी हवेत." ते बस स्टॉपकडे चालू लागले. "म्हणाली, मला रोज हलवायला कुठे जमणार, तुम्हीच येत जा."

रोज काही त्यांना जमत नाही. रविवारी जातात, बसने, डोळे मिटून. रविवारी सकाळी जिन्यावरून हाक येते, मी कुलूप बघते, आणि मग दिवसभर खालच्या घरातून कुकरचा आवाजसुद्धा येत नाही.

या जूनमध्ये त्यांनी दुसरी बाटली भरली. वर्षभर ठेवली तर अर्क फार चांगला उतरतो म्हणे. लेबल लिहून झालं, तयार होण्याची तारीखही लिहिली. पण ती पेन्सिलीने.

"ही पेन्सिलीने का?"

"वर्षभराचं आहे गं," काका म्हणाले. "या वयात पेनने लिहायची भीती वाटते."

त्यांनी पेन्सिल माझ्यापुढे धरली. मी ती बाजूला ठेवली, पेन शोधलं आणि खाली सही केली.